वाचकांचे प्रश्न : धंद्यातली कल्पकता नेमकी असते कुठे?

‘उद्योग आणि कल्पक विचार’ या विषयावर आम्ही वाचकांकडून प्रश्न मागवले होते. पुणे आणि पिंपरी-चिंचवड परिसरातून आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्याच इच्छेनुसार छापलेली नाहीत आणि जागेअभावी पत्रांचा केवळ मुख्य भाग घेतला आहे.

प्रश्न : मी घरातून थालीपिठाची भाजणी, मेतकूट आणि चटण्या विकते. माल चांगला असतो, गिऱ्हाइकांची तक्रार नसते. पण आमच्या परिसरात हेच पदार्थ करणाऱ्या आणखी कितीतरी जणी आहेत आणि भाव उतरवल्याशिवाय विक्री वाढत नाही. सगळे सांगतात, ‘काहीतरी वेगळं करा.’ मी मुळात कल्पक नाही. कल्पकता शिकता येते का? आणि भाजणीत वेगळे ते काय करणार?
— एक वाचिका, सिंहगड रस्ता

उत्तर : तुमचा दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यातूनच निघेल. भाजणी उत्तम असेल तर तिला हात लावू नका. वेगळेपणा पदार्थाच्या चवीतच आणला पाहिजे, असा आपल्याकडे सर्रास समज आहे आणि त्यापायी चांगल्या जमून आलेल्या चवी बिघडतात. तुमचा पदार्थ गिऱ्हाइकाच्या घरी पोहोचल्यावर त्याचे पुढे काय होते, हे पाहायला सुरुवात करा.

मेतकूटच घ्या. अर्ध्या किलोची पिशवी फोडली की पहिले काही दिवस मऊ भात, तूप आणि मेतकूट असा बेत होतो. मग पिशवीला रबर लावून ती फडताळात मागे सरकते, हळूहळू हिंग-मेथ्यांचा वास उडतो, पावसाळ्यात गुठळ्या होतात आणि उरलेले टाकून देताना घरातली व्यक्ती मनाशी ठरवते की आता पुन्हा आणायचे नाही. तुमच्यापर्यंत यातले काहीच पोहोचत नाही; तक्रार येत नाही, तसे ते गिऱ्हाईकही येत नाही. दुसरीकडे, हिंजवडीत नोकरी करणारा आणि बाणेरला मित्रांबरोबर फ्लॅट घेऊन राहणारा मुलगा डोळ्यांसमोर आणा. त्याच्याकडे परात नाही, एकच तवा आहे, शेगडी इंडक्शनची आहे. भाजणी भिजवायला पाणी किती लागते हे त्याला ठाऊक नाही आणि आईला रोज फोन करून विचारायचा त्याला संकोच वाटतो. दोन थालीपिठांच्या मापाची पुडी, तिच्यावर पाणी किती घालायचे, थापताना प्लास्टिकचा कागद कसा घ्यायचा आणि झाकण किती वेळ ठेवायचे एवढेच ठळक अक्षरांत लिहिलेले असेल, तर त्या मुलाच्या दृष्टीने तो नवा पदार्थ आहे. भाजणी मात्र तुमची तीच, जुनी.

आता पहिला प्रश्न. कार्ल डंकर या जर्मन मानसशास्त्रज्ञाचा एक प्रयोग १९४५ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाला. समोर मेणबत्ती, काड्यापेटी आणि टाचण्यांनी भरलेले छोटे खोके ठेवले होते; मेणबत्ती भिंतीवर बसवायची होती. उत्तर असे, की खोके रिकामे करून टाचण्यांनी भिंतीला टोचायचे आणि त्यावर मेणबत्ती उभी करायची. टाचण्या खोक्यात भरून ठेवल्या की पुष्कळ जण अडत. त्याच टाचण्या बाहेर काढून रिकामे खोके शेजारी ठेवले, की कितीतरी अधिक लोकांना उत्तर सापडे. माणसे तशीच होती, वस्तूही त्याच होत्या. खोके हे टाचण्या ठेवण्यासाठीच असते ही समजूत गळून पडली, एवढाच काय तो फरक. ‘मेतकूट म्हणजे अर्ध्या किलोची पिशवी’ ही समजूत त्याच जातीची आहे. अशा समजुती ओळखून त्या सोडवून पाहण्याची सवय लावता येते. तिला जन्मजात प्रतिभा लागत नाही.

आसपासच्या बायका तुमच्या स्पर्धक आहेत, हेही एकदा तपासून पाहावे असे मला मनापासून वाटते. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात महिलांनी ८० रुपये उसने घेऊन पापडाचा उद्योग सुरू केला, तोच पुढे लिज्जत पापड म्हणून देशभर गेला. पापड घरोघरी होतच होते. नवी होती ती कामाची मांडणी : पीठ केंद्रावर मळायचे, सभासद बहिणींनी ते घरी नेऊन लाटायचे, सुकलेले पापड केंद्रावर तपासून घ्यायचे आणि लाटणावळ चुकती करायची. घराबाहेर नोकरीला जाऊ न शकणाऱ्या बायकांची अडचणच त्या मांडणीचा पाया झाली. तुमच्या परिसरातही एकीची चटणी, दुसरीची भाजणी आणि तिसरीचे मेतकूट एकाच नावाखाली विकता येईल का, याचा विचार व्हावा.

या आठवड्यात एक काम करा. एकदाच माल नेऊन पुन्हा न आलेल्या गिऱ्हाइकांना फोन करा. ‘चव कशी होती?’ असे विचारू नका, कारण त्याचे उत्तर ‘छान’ असेच येणार. ‘त्यातले उरले आहे का आणि ते कशात ठेवले आहे?’ असे विचारा.

प्रश्न : भोसरी एमआयडीसीत माझे लहान मशीन शॉप आहे. वाहन उद्योगाचे जॉबवर्क करतो. ड्रॉइंग कंपनीचे, मटेरियल कंपनीचे, रेटही कंपनीच ठरवते आणि दरवर्षी त्यात कपात मागते. मुलगा इंजिनिअर झाला आहे. तो म्हणतो, ‘बाबा, इनोव्हेशन केल्याशिवाय टिकणार नाही.’ दुसऱ्याच्या ड्रॉइंगप्रमाणे काम करणाऱ्याने नवे काय करायचे?
— एक लघुउद्योजक, भोसरी

उत्तर : तुमची व्यथा भोसरीपासून चाकणपर्यंत असंख्य लहान कारखानदारांची आहे, आणि तुमच्या मुलाचे म्हणणे बरोबर असले तरी त्या एका शब्दाने काम कोठून सुरू करायचे ते कळत नाही. ड्रॉइंगवर काय नसते, तेथून सुरुवात करावी असे मी सुचवेन. ड्रॉइंगवर माप असते, टॉलरन्स (मापात चालणारा कमी-अधिक फरक) असतो, मटेरियलचा ग्रेड असतो. तुमचा जॉब असेंब्लीच्या लाइनवर पोहोचल्यावर तिथला कामगार तो कोणत्या हाताने उचलतो, कोणत्या कडेला राहिलेली बर, म्हणजे धातूची धारदार किनार, त्याच्या बोटाला लागते, पिशवीतून सुटे नग मोजून घेण्यात त्याचा किती वेळ जातो, एखादा नग उलटा बसला तर ते केव्हा लक्षात येते, हे ड्रॉइंगवर नसते. बहुतेक जॉबवर्क करणारे परचेस आणि क्वालिटी या दोन खात्यांपलीकडे कधी जात नाहीत. रिजेक्शनच्या निमित्ताने बोलावणे येते, तेव्हा सोबत मुलाला न्या आणि लाइन दाखवण्याची विनंती करा.

जपानी अभियंता शिगेओ शिंगो यांचे १९६१ सालचे एक काम या संदर्भात फार शिकवणारे आहे. एका विद्युत उपकरणांच्या कारखान्यात दोन बटणांचा एक छोटा स्विच जोडला जाई. प्रत्येक बटणाखाली एक स्प्रिंग बसवायची असे. कामगार कधीकधी एक स्प्रिंग विसरे आणि ग्राहकाकडून तक्रार येई. तेवढ्यापुरती ताकीद दिली जाई, काही दिवस ठीक चाले आणि पुन्हा तेच होई. शिंगो यांनी कामाचा क्रम बदलला. कामगाराने डब्यातून दोन स्प्रिंगा काढून आधी एका छोट्या बशीत ठेवायच्या आणि मग बशीतून उचलून बसवायच्या. स्विच जोडून झाल्यावर बशीत स्प्रिंग उरली असेल, तर चूक तिथल्या तिथे डोळ्यांना दिसते. नवे मशीन घेतले नाही, स्विचचे डिझाइन बदलले नाही, आणि विसरण्याबद्दल माणसाला बोल लावणेही थांबले. यातूनच पुढे ‘पोका-योके’ म्हणून ओळखली जाणारी, चुका टाळणारी पद्धत आकाराला आली.

तुमचा एखादा जॉब एका गाडीला चार या हिशेबाने लागत असेल, तर तो सुट्या नगांच्या पिशवीऐवजी चार-चार खाचांच्या ट्रेमध्ये पाठवता येईल का, हे विचारून पाहा. नग राहून गेला तर खाच ओरडून सांगते. त्याने कपातीची मागणी थांबेल, असे खोटे आश्वासन मी देणार नाही. पण नगाच्या भावाखेरीज बोलायला तुमच्याकडे आणखी काही असेल, आणि तुमच्याऐवजी दोन पैसे स्वस्त देणारा दुसरा शोधताना कंपनीला विचार करावा लागेल.

दुसरी गोष्ट पुण्यातलीच आहे. कैलास काटकर यांनी कॅल्क्युलेटरच्या दुरुस्तीपासून सुरुवात केली आणि पुढे ते संगणक दुरुस्त करू लागले. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांमध्ये व्हायरसची बाधा झालेले संगणक वारंवार येऊ लागले, तेव्हा संगणकशास्त्र शिकणारे त्यांचे धाकटे भाऊ संजय यांनी त्यावर प्रोग्राम लिहिला, आणि त्यातून ‘क्विक हील’ ही अँटिव्हायरस कंपनी उभी राहिली. त्या काळी दुरुस्ती करणारे पुष्कळ होते आणि व्हायरस सगळ्यांच्याच टेबलावर येत होता. तीच तक्रार पुन्हा पुन्हा येते आहे याचा अर्थ तिच्यात एक स्वतंत्र धंदा दडलेला आहे, हे वाचणे म्हणजे कल्पकता. तुमच्या दुकानात कोणता त्रास वर्षानुवर्षे येतो आहे? ज्या फिक्श्चरची (जॉब मशीनवर घट्ट धरून ठेवणाऱ्या साधनाची) युक्ती तुम्ही स्वतःपुरती काढली आहे, ती आसपासच्या दहा शॉपनाही लागत असण्याची शक्यता मोठी आहे.

एक इशाराही द्यायला हवा. बॅटरीवरच्या गाडीत पिस्टन नसतो, व्हॉल्व्ह नसतात, सायलेन्सर नसतो. तुमच्या जॉबपैकी कोणते इंजिनात जातात याची यादी मुलाला आजच करू द्या. त्यासमोर तुमच्या शॉपला चांगले काय जमते ते लिहा : पातळ भिंतीचे टर्निंग, स्टेनलेस स्टीलचे फिनिशिंग, कमी नगांची झटपट डिलिव्हरी, जे असेल ते. पंप, दुग्धव्यवसायाची यंत्रे, औषधनिर्मितीची यंत्रे बनवणारे कारखाने याच पट्ट्यात आहेत आणि त्यांना वाहनाचा सुटा भाग नको असला, तरी हे कौशल्य हवे असते. त्यांच्याशी ओळखी काढण्यासाठी सेनापती बापट रस्त्यावरच्या मराठा चेंबर या व्यापारी-उद्योजकांच्या संघटनेचा उपयोग करून घ्या. १९३४ पासून ही संस्था याच कामासाठी आहे.

प्रश्न : औंधमध्ये आम्ही सहा जण मिळून घरांच्या अंतर्गत सजावटीचे काम करतो. नव्या कल्पनांसाठी दर सोमवारी बैठक घेतो, पण दोघेच बोलतात आणि बाकीचे माना डोलावतात. बैठक बंद करावी का?
— एक वाचक, औंध

उत्तर : बंद करू नका, तिच्याआधी एक पायरी घाला. सगळ्यांनी एकत्र बसून मनात येईल ते सुचवण्याची पद्धत अमेरिकी जाहिरात व्यावसायिक अॅलेक्स ऑस्बॉर्न यांनी लोकप्रिय केली. परंतु येल विद्यापीठात झालेल्या आणि १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात असे दिसले, की चार जणांच्या गटापेक्षा चार जणांनी वेगवेगळे बसून काढलेल्या कल्पना एकत्र केल्या, तर त्या संख्येने अधिक भरतात. गटात आपली पाळी येईपर्यंत सुचलेले विसरते, हसे होईल म्हणून माणूस गप्प राहतो आणि पहिल्या कल्पनेच्या मागे सगळ्यांचे विचार ओढले जातात. तेव्हा प्रश्न शनिवारी पाठवा, प्रत्येकाने एकट्याने लिहून आणावे, आणि मालकाने सर्वांत शेवटी बोलावे. प्रश्नही नेमका ठेवा. ‘नवीन काय करता येईल?’ या प्रश्नाला कोणी उत्तर देऊ शकत नाही. ‘स्वयंपाकघराचे काम चालू असताना त्या घरातल्या माणसांच्या दोन वेळच्या जेवणाची गैरसोय कशी कमी होईल?’ या प्रश्नाला सहाही जण देतील.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. सोसायट्यांमध्ये येणाऱ्या टँकरचे पाणी खरोखर किती आले आणि ते किती गढूळ आहे, हे मोजून मोबाइलवर कळवणारे उपकरण मी बनवले आहे. सर म्हणतात, ‘प्रदर्शनात मांड.’ मित्र म्हणतात, ‘आधी पेटंट घे, कल्पना चोरीला जाईल.’ कोणाचे ऐकू?
— एक विद्यार्थिनी, कर्वेनगर

उत्तर : क्रमापुरते मित्रांचे ऐका. अर्ज करण्यापूर्वी उपकरण जाहीरपणे मांडले, तर त्याचे नावीन्य संपले असे मानले जाऊ शकते आणि मग पेटंट मिळणे अवघड होते. सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांसाठी कायद्यात सवलत आहे, पण महाविद्यालयाचे प्रदर्शन त्यात बसेल असे धरून चालू नका. तात्पुरत्या तपशिलाचा अर्ज आधी करता येतो. त्यानंतर पूर्ण तपशील देण्यासाठी १२ महिने मिळतात. पेटंट मिळाले तर त्याची मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षांची असते. निव्वळ संगणक प्रोग्रामला आपल्याकडे पेटंट मिळत नाही, त्यामुळे मोबाइल अॅपपेक्षा मोजणीची रचना आणि ती ज्या रीतीने काम करते त्यावर भर द्यावा लागेल. पेटंट एजंटचा सल्ला घ्याच. पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारात ‘व्हेंचर सेंटर’ आहे; तिथेही मार्गदर्शन मिळेल.

चोरीच्या भीतीबद्दल मात्र माझे मत वेगळे आहे. नव्या वस्तूच्या वाट्याला चोरीपेक्षा अविश्वास अधिक येतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर बनवला, तेव्हा लोखंडाने जमिनीत विष पसरते अशा समजुतीने शेतकरी तो घ्यायला तयार नव्हते. नांगर घडवण्यापेक्षा तो शेतात जाऊन पटवणे जड गेले असेल. तुमच्या बाबतीत हा अविश्वास कोठून येईल, याचा शोध अर्ज केल्यावर लगेच घ्या. टँकर पहाटे येतो तेव्हा तो कोण उतरवून घेतो? बहुतेक सोसायट्यांत वॉचमन. पावतीवर सही त्याची, बिल मंजूर करणार सेक्रेटरी, पैसे सभासदांचे, आणि उपकरणामुळे अडचणीत येणार टँकरवाला, ज्याला उन्हाळ्यात दुखावण्याची कोणाचीच तयारी नसते. उपकरण कितीही अचूक असले, तरी पाणी कमी भरले तर सेक्रेटरीने पुढे काय करायचे याचे उत्तर तुमच्याकडे नसेल, तर ते विकले जाणार नाही. कदाचित प्रामाणिक टँकरवाल्यालाच ते आधी विकता येईल. मापात पूर्ण पाणी देतो हे सिद्ध करण्याचे साधन त्यालाही हवे असेल. या दिशेने विचार करून पाहा. तुमच्या उपकरणात तांत्रिक कल्पकता आहे हे पत्रावरून दिसतेच. उरलेली या चार माणसांच्या व्यवहारात लागेल.

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो आहे. कर्जे बुडालेली आणि फिटलेली, दोन्ही जवळून पाहिली. माझ्या मते धंद्यात यश येते ते शिस्त, भांडवल आणि चोख हिशेब यांनी. कल्पकतेचे अवास्तव कौतुक चालले आहे. आता माझा मुलगा आयटीतली नोकरी सोडून एफ. सी. रस्त्याजवळ वेगळ्या धर्तीचे कॅफे काढू म्हणतो. त्याला मी काय सांगावे?
— एक ज्येष्ठ वाचक, कोथरूड

उत्तर : शिस्त आणि हिशेब यांबद्दल आपण म्हणता ते मला मान्य आहे. हिशेब न ठेवणाऱ्याची कल्पकता त्याला अधिक वेगाने खड्ड्यात नेते, हे आपण पाहिलेच असेल. मतभेद एवढाच, की शिस्तीच्या विरुद्ध बाजूला कल्पकता उभी आहे असे मी मानत नाही. चितळ्यांनी बाकरवडी हातावरून यंत्रावर नेली, तेव्हा चव, आकार आणि खुसखुशीतपणा रोज तोच राखण्यासाठी लागली ती कल्पकताच होती, आणि तिचा उपयोग शिस्तीसाठीच झाला.

नोबेलविजेते अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन यांच्याबरोबर काम केलेल्या संशोधिका सरस सरस्वती यांनी २७ अनुभवी उद्योजकांच्या विचारपद्धतीचा अभ्यास करून २००१ साली एक सिद्धांत मांडला. आपल्याला तो आवडेल असे वाटते. हे उद्योजक ‘यातून किती मिळेल?’ या अंदाजावर विसंबत नव्हते. ‘यात किती गेले तर मला सोसवेल?’ हे ते आधी ठरवत. तसेच ते एखाद्या दूरच्या ध्येयासाठी साधने गोळा करण्याऐवजी हाताशी काय आहे, ओळखीचे कोण आहे, तिथून सुरुवात करत. आपल्या शहरातले उदाहरण द्यायचे तर पूनावाला घराण्याचे देता येईल. त्यांचा व्यवसाय घोड्यांच्या पैदाशीचा. निवृत्त घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेकडे जात आणि त्यांच्या रक्तातील सीरमपासून तिथे औषधे तयार होत. घोडे आपले आहेत, मग सीरमही आपणच का बनवू नये, असा विचार सायरस पूनावाला यांनी केला आणि १९६६ साली सीरम इन्स्टिट्यूट स्थापन झाली. भांडवल होते, हे खरे. पण घोडे बाळगणारे इतरही होते.

तेव्हा मुलाला ‘नको’ म्हणू नका आणि कर्जाच्या अर्जावर जामीनदार म्हणून लगेच सहीही करू नका. त्याच्याशी बसून एक आकडा ठरवा, जो बुडाला तर घराला धक्का बसणार नाही. मग त्या आकड्याच्या आत, दुकान भाड्याने न घेता, कॅफेबद्दलची त्याची मुख्य समजूत तपासण्याचा मार्ग त्यालाच शोधायला सांगा. एखाद्या चालू खाणावळीत रिकाम्या वेळी टेबले मिळतात का, शनिवार-रविवारपुरता काउंटर मांडता येतो का, ‘वेगळ्या धर्तीचे’ म्हणजे नेमके कोणासाठी आणि किती वाजता, हे त्याने वहीत विक्रीच्या आकड्यांसह दाखवावे. नोकरी तोवर चालू राहू द्यावी. आपला बँकेतला अनुभव इथे मोलाचा आहे : दर आठवड्याला ती वही आपण तपासा, पण कर्ज देणाऱ्याच्या नजरेने न पाहता, कोणते गिऱ्हाईक दुसऱ्यांदा आले ते पाहा. आणि पुढे जागा घ्यायची वेळ आली, तर भाडेकराराचा लॉक-इन कालावधी (ज्यात जागा सोडता येत नाही तो काळ) किती महिन्यांचा आहे, हे सही करण्यापूर्वी आपण स्वतः वाचून घ्या. तेवढ्या महिन्यांचे भाडे त्या ठरवलेल्या आकड्यात बसत नसेल, तर ती जागा सोडून दुसरी पाहावी.